शिरसाटबाईंनी न सांगितलेली गोष्ट

सुलभा शिरसाट यांना गाडी चालवता येत नव्हती. मोटार विम्याच्या कंपनीत अपघातांचे दावे सांभाळण्यात ज्यांची बावीस वर्षं गेली, त्या बाईंनी आयुष्यात कधी स्टिअरिंगला हात लावला नव्हता. याची त्यांना लाज तर नव्हतीच, उलट थोडी मिजास होती. "मला गाडी येत नाही म्हणूनच मला नीट ऐकता येतं," त्या म्हणायच्या. "ज्याला येते तो समोरचा बोलायला लागला की मनातल्या मनात स्वतः ब्रेक दाबतो आणि म्हणतो, मी असतो तर थांबलो असतो."

आमचं ऑफिस क्वीन्सटाउन स्टेशनपासून चालत दहा-बारा मिनिटांवर, अलेक्झांड्राच्या बाजूला. मी तिथे कॉम्प्युटरवाला. पुण्याहून आलेले माझ्यासारखे सिंगापुरात ढिगाने आहेत, त्यामुळे माझ्याबद्दल जास्त सांगण्यासारखं काही नाही. दाव्यांच्या फायली ज्या सिस्टिममध्ये असतात ती चालू ठेवायची आणि कुठली फाइल कोणाला दिसावी, कोणाला दिसू नये याची कुलपं लावायची, हे माझं काम. बाईंची आणि माझी खुर्ची पाठीला पाठ लावून होती. पहिल्या दिवशी मराठी आडनाव बघून मी मोठ्या उत्साहाने वळलो. "अरे वा! तुम्ही कुठल्या?"

"दादर. मूळ मालवण. तो प्रिंटर तुमच्याकडे आहे का? कागद अडकलाय."

एवढ्यावर आमची ओळख आटोपली. पुढची पाच वर्षं मी त्यांना बाई म्हणत होतो आणि त्या मला लिमये. मी त्यांच्याहून सतरा-अठरा वर्षांनी लहान, पण त्यांनी कधी अहो-जाहो सोडलं नाही. बाकी सगळं ऑफिस त्यांना 'सू' म्हणायचं. त्या ते चालवून घ्यायच्या, पण सही मात्र पूर्ण नावाने करायच्या.

फोनवरची त्यांची पद्धत ठरलेली. अपघात करून बसलेला माणूस घाबरलेला असतो, फोन लागला की धबधबा सुरू होतो. बाई त्याला तिथेच अडवायच्या. "आधी मी कोण ते ऐका. मग बोला." आपलं नाव, आपलं काम आणि तो जे बोलेल त्याचं काय होईल, हे सांगितल्याशिवाय त्या एक शब्द ऐकून घ्यायच्या नाहीत. एकदा एक माणूस वैतागून ओरडला, ते मला माझ्या खुर्चीवर ऐकू आलं, की बाई, माझी गाडी अजून धूर सोडतेय! बाई म्हणाल्या, "गाडीपासून लांब उभे राहा आणि माझं नाव लिहून घ्या." फोन ठेवला की पाच मिनिटांच्या आत त्याची नोंद सिस्टिममध्ये. आधी पेन्सिलने वहीत, मग कीबोर्डवर. यात कधी खंड पडला नाही. आम्ही हसायचो. त्यांना त्याचं काही नव्हतं.

दर रविवारी बाई बसने कुठल्या ना कुठल्या चौकात जायच्या. ज्या चौकात अपघात झाला असेल तिथे, ज्या वेळी झाला असेल त्याच वेळी, छत्री घेऊन उभ्या राहायच्या. मी सेरंगूनला राहतो. एकदा तिथल्या चौकात मला त्या दिसल्या, ओठ हलत होते. मला वाटलं जप चाललाय. जवळ गेलो तर सिग्नल मोजत होत्या. मी काही बोलणार तेवढ्यात त्यांनी बोट वर केलं, बत्ती बदलेपर्यंत मोजलं आणि मग म्हणाल्या, "हं, बोला लिमये. भाजी आणायला निघालात वाटतं."

त्या कोणाच्या बाजूने असायच्या, हे कळायला मला वेळ लागला. टो नावाचे एक म्हातारे गृहस्थ होते. त्यांच्या गाडीने एका सायकलवाल्याला उडवलं होतं. चूक सरळसरळ त्यांची. बाईंनी ते पहिल्याच दिवशी त्यांच्या मुलीला सांगितलं. पण कोर्टाच्या प्रत्येक तारखेला बाई हजर. टो काकांना इंग्रजी येत नव्हतं, बाईंना चिनी येत नव्हतं. त्या हातात कोपीचा, म्हणजे इथल्या कॉफीचा, कप द्यायच्या आणि शेजारी बसायच्या. मी विचारलं, "बाई, चूक त्यांची आहे हे तुम्हीच म्हणता, मग कशाला जाता?" त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी अजून शाळेत आहे. "लिमये, चूक नसलेल्या माणसाच्या बाजूने कोणीही बसतं. त्यासाठी विमा कशाला घ्यायचा?"

विमा कंपनी तुम्हाला दोन गोष्टी विकते. नुकसान भरून देईन, ही एक. ती सगळ्यांना माहीत असते. दुसरी कोणी वाचत नाही. तुमच्यावर कोणी दावा लावला, तर तुमच्यासाठी वकील देऊन तुमच्या बाजूने उभी राहीन, असंही कंपनीने लिहून दिलेलं असतं. पण कधी कधी कंपनीलाच शंका येते की हा अपघात आपल्या विम्यात बसतो तरी का? मग ती एक पत्र पाठवते. तूर्त आम्ही तुमच्या बाजूने लढतो, पण पुढे हात काढून घ्यायचा हक्क राखून ठेवतो. हे पत्र गेलं की ऑफिसात एका माणसाच्या दोन फायली होतात. एक गट त्याचा बचाव करतो, दुसरा गट त्याला सोडता येईल का ते तपासतो. पहिल्या गटाची फाइल दुसऱ्याला दिसता कामा नये. कारण बचाव करणाऱ्यापाशी माणूस मोकळेपणाने बोलतो. ते कुलूप माझ्याकडे असायचं. बाई कायम बचावाच्या बाजूला.

आणि मग संदीप कुलथेचं प्रकरण आलं.

संदीप पासिर रिसला राहायचा. सॉफ्टवेअरमधला, पिंपरीचा, एम्प्लॉयमेंट पासवर, म्हणजे नोकरी आहे तोवरच इथे राहायची परवानगी. इथल्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमांमुळे माझ्या तोंडओळखीचा. स्वभावाने उघडा, सगळ्यांच्या कामाला धावणारा. दिवाळीच्या आधीच्या रविवारी सकाळी एका चौकात उजवीकडे वळताना त्याच्या गाडीची समोरून येणाऱ्या मोटारसायकलला धडक बसली. मोटारसायकलवाल्याचा पाय दोन ठिकाणी मोडला आणि त्याने संदीपवर दावा लावला. इथवर नेहमीचंच. पण अपघाताच्या फोटोत संदीपच्या गाडीची मागची सीट दिसत होती आणि त्या सीटवर छतापर्यंत डबे रचले होते. चकल्या, करंज्या, लाडू. संदीपने कंपनीला लिहून दिलं की हे मंडळाच्या कार्यक्रमासाठी नेत होतो. दुसऱ्या गटाचा प्रमुख डेस्मंड. त्याला ते पटलं नाही, आणि हक्क राखून ठेवणारं ते पत्र संदीपला गेलं. संदीपची बायको रूपाली घरून फराळाच्या ऑर्डरी घेते, हे त्याला कुठूनसं कळलं होतं. गाडीचा विमा घरगुती वापराचा, धंद्याचा माल पोचवायचा नव्हे. डबे ऑर्डरचे ठरले असते तर कंपनी हात काढून घेणार, वकील संदीपने स्वतः बघायचा आणि त्या पायाचं जे काही होईल ते सगळं त्याच्या अंगावर येणार. कोर्टकचेरीचा माणूस म्हणून नोकरीत नाव खराब झालं की पासचंही खरं नाही. त्याची झोप उडाली होती, हे मंडळात सगळ्यांना दिसत होतं.

संदीप बचावाच्या कागदांवर सही करायला आमच्या ऑफिसात आला तेव्हा मी त्याच खोलीत होतो. सही घ्यायचा टॅबलेट चालत नव्हता म्हणून मला बोलावलं होतं. त्याला आजवर आलेली सगळी पत्रं वकिलाच्या नावाने आलेली, त्यामुळे समोरची 'सू' मराठी आहे हे त्याला माहीत नव्हतं. मीही मुद्दाम कधी सांगितलं नव्हतं. बाईंनी नेहमीप्रमाणे सुरुवात केली, इंग्रजीत, मी तुमच्या बचावासाठी आहे, तुमच्या बाजूची; पूर्ण नाव सांगायचं अजून बाकी होतं. तेवढ्यात त्यांचा मोबाइल वाजला. दादरहून बहीण. तिचा फोन त्या कधी टाळत नसत, घरी आईचं आजारपण होतं. "अगं, नंतर करते, माणसं बसलीत," एवढंच त्या बोलल्या.

संदीपचा चेहरा असा उजळला, की मला पुढचं सगळं आधीच दिसलं.

"ताई! तुम्ही मराठी? अहो, देवच पावला. दोन महिने इंग्रजीत बोलून बोलून जीव गेला माझा."

"मिस्टर कुलथे, थांबा जरा. मी कंपनीची आहे. माझं अजून..."

"हो हो, कंपनीच्या, पण आपल्याच ना! तुम्हाला म्हणून सांगतो ताई, तुमच्यापासून काय लपवायचं. ते डबे मंडळाचे नव्हतेच हो. ऑर्डरचे होते. रूपालीला म्हटलं होतं मी, टॅक्सीने पाठव म्हणून."

बाईंचा हात हवेत तसाच राहिला. परदेशात आपल्या भाषेचा माणूस भेटला की आपण आधी सैल होतो आणि विचार नंतर करतो. मीही तेच केलं असतं. प्रिंटरमध्ये कागद अडकला नसता तर मीही पहिल्याच दिवशी त्यांना माझं सगळं घरदार सांगून बसलो असतो.

"हे मला नका सांगू," बाई मराठीतच म्हणाल्या. आवाज कोरडा. "तुमचा स्वतःचा वकील गाठा. कंपनीने दिलेला नव्हे, तुमचा. आजच. तुम्ही जे लिहून दिलंय ते चुकीचं असेल तर काय करायचं, हे तो सांगेल. मी नाही सांगू शकत."

"कळलं ताई, कळलं," संदीपने डोळे मिचकावले. त्याला काहीही कळलं नव्हतं.

जागेवर परत आल्यावर मी बाईंच्या खुर्चीपाशी वाकलो. "बाई, आपण काही ऐकलंच नाही असं..."

"लिमये, मी बहिरी नाही." आणि त्यांनी वही काढली. पेन्सिलने लिहिलं, मग सगळं जसंच्या तसं सिस्टिममध्ये टाकलं, बचावाच्या फाइलमध्ये. डब्यांचं वाक्यसुद्धा. मला त्यांचा राग आला. गप्प बसल्या असत्या तर कोणाला कळणार होतं! पण लिहायचं नाही हे त्यांना जमणारच नव्हतं.

दोन आठवडे काही झालं नाही. मग आमच्या वरिष्ठ मिसेस चुआ यांची ईमेल आली. कुलथे प्रकरण फार रेंगाळलं आहे, डेस्मंडच्या गटाला दोन्ही फायली दिसतील अशी व्यवस्था आज संध्याकाळपर्यंत करावी. ईमेल मला होती. बाईंना नव्हती.

मी वळून त्यांना स्क्रीन दाखवली. त्यांनी चष्मा वर करून दोनदा वाचली.

"बाई, मी काय करू?" माझा पास तीन महिन्यांत संपत होता. हे मी बोललो नाही, पण त्यांना माहीत होतं.

"ते मी सांगणार नाही. सांगितलं तर उद्या तुम्ही म्हणाल, बाईंनी सांगितलं." मग थोड्या मऊ आवाजात, "मला वीस मिनिटं देता का? माझं पत्र आधी जाऊ दे."

मी खाली हॉकर सेंटरला, खाण्याच्या टपऱ्यांच्या मंडईत, गेलो आणि वीस मिनिटं एक कोपी पुरवून पुरवून प्यायलो. माझ्या शौर्याची गोष्ट इथेच संपते.

बाईंचं पत्र सहा ओळींचं होतं. कुलूप काढायचं असेल तर आधी मिस्टर कुलथे यांना लेखी कळवा की तुमच्या बचावासाठी दिलेली माणसं आता तुमच्याविरुद्ध वापरली जातील. त्यांना कंपनीच्या खर्चाने बाहेरचा वकील द्या. आणि मला या कामातून काढा, कारण मग मी त्यांना पहिल्या दिवशी जे सांगितलं ते खोटं ठरतं.

तीन वाजता बैठक. मिसेस चुआ, डेस्मंड, बाई, आणि सिस्टिमचं काही विचारायचं झालं तर म्हणून मी. डेस्मंड वाईट माणूस नव्हे. त्याने सरळ विचारलं, "सू, जस्ट यस ऑर नो. त्या डब्यांबद्दल तो तुला काही बोलला का?"

"या टेबलाशी मी कुलथेंच्या बाजूने बसलेय, डेस्मंड. हा प्रश्न तू मला विचारू शकत नाहीस."

"म्हणजे बोलला."

"म्हणजे विचारू शकत नाहीस. तो काहीच बोलला नसता तरी मी हेच म्हटलं असतं."

मिसेस चुआंनी पेन खाली ठेवलं. "सू, मी स्पष्ट बोलते. तो तुमच्यातला आहे. बाहेर लोक म्हणतील, शिरसाटने आपल्या माणसाला पाठीशी घातलं. त्याचं काय उत्तर आहे?"

डब्यांचं ते वाक्य ऐकलेला, बाईंखेरीज दुसरा माणूस मी होतो, आणि मीही त्यांच्यातलाच. आता वळून मला विचारलं तर? मी टेबलाखाली हात घट्ट धरून बसलो.

बाई म्हणाल्या, "मिस्टर टो आठवतात? त्यांनी कोर्टाच्या बाहेर बाकावर बसून डेस्मंडला होक्कियनमध्ये, त्यांच्या चिनी बोलीत, काय काय सांगितलं होतं. तेव्हा डेस्मंड माझ्या गटात होता. ते सगळं त्याने कोणाला सांगितलं?"

डेस्मंडने मान खाली घातली. मग तोच म्हणाला, "नाही सांगितलं. सांगता येत नव्हतं."

मिसेस चुआंनी माझ्याकडे पाहिलं. "कुलूप राहू दे," त्या म्हणाल्या. "डेस्मंड, तुला जे शोधायचं ते बाहेरून शोध. महिनाअखेरपर्यंत."

डेस्मंडने प्रामाणिकपणे शोधलं. ज्यांनी फराळ मागवला होता त्यांच्यापैकी कोणी तोंड उघडलं नाही. फोटोतले डबे फोटोतच राहिले. महिनाअखेरीस कंपनीने संदीपला कळवलं की आम्ही शेवटपर्यंत तुमच्या बाजूने आहोत. मोटारसायकलवाल्याला त्याचं मिळालं, संदीपची नोकरी राहिली, पास राहिला.

आणि मार्चमध्ये बाईंना दाव्यांतून काढून नव्या मुलांना शिकवायच्या विभागात टाकलं. बढती म्हणून. खालच्या मजल्यावर. कारण कोणी सांगितलं नाही, त्यांनीही विचारलं नाही. खोक्यात वह्या भरताना मीच न राहवून बोललो. "बाई, पण खोटं तर त्याने लिहून दिलं होतंच."

"दिलं होतं. मला त्याची चीड आली. चकल्या विकायला माझी ना नाही, खोटं लिहायला आहे. ते डेस्मंडने शोधून काढलं असतं तर मी टाळ्या वाजवल्या असत्या. पण आपण त्याला म्हणालो, आम्ही तुझ्या बाजूचे, बोल. तो बोलला. आता त्याच बोलण्याने त्याला पकडायचं? मला नाही जमणार." मग खोकं माझ्या हातात देत म्हणाल्या, "आणि हे तुमच्या-माझ्यातही शेवटचं. त्याला कधी कळता कामा नये, आणि मंडळात तर मुळीच नाही. आपल्या लोकांच्या पोटात काही राहत नाही."

मी शब्द दिला. देताना सोपा वाटला.

संदीपला फक्त एवढंच ठाऊक होतं की ताई म्हटल्यावर ती बाई मिस्टर कुलथे म्हणाली, स्वतःचा वकील बघा म्हणाली आणि त्यानंतर तिने त्याचा एकही फोन घेतला नाही. हे त्याने मंडळात सगळ्यांना सांगितलं, चार-चारदा सांगितलं. "परका परवडला हो," हे त्याचं पालुपद. मी ऐकत असायचो.

त्या वर्षी पाडव्याचं जेवण सेरंगूनच्या एका हॉलमध्ये होतं. बाई मंडळात कधी येत नसत. पण त्यांनी राजीनामा दिला होता, आईजवळ राहायला दादरला परत निघाल्या होत्या. मीच हट्ट केला, एकदा या, सगळ्यांना भेटा. संदीप येणार हे मला माहीत होतं. मला वाटलं, बघितल्यावर विरघळेल. असले हिशेब मला कधी जमत नाहीत.

संदीप मसालेभात वाढत होता. बाई माझ्या पुढे. त्यांनी ताट पुढे केलं. संदीपने डाव भरला, त्यांच्या खांद्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "या लिमये, या. घ्या गरम गरम." भात माझ्या ताटात पडला. बाईंचं ताट तसंच पुढे धरलेलं. शेजारी रूपाली कोशिंबीर घेऊन उभी होती, तिची नजर पातेल्यात.

एक वाक्य पुरलं असतं. ते माझ्या जिभेवर आलं होतं. बाईंनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. विनवणी वगैरे काही नव्हती त्या नजरेत, तंबी होती. मी तोंड मिटलं. बाई पुढे सरकल्या, रूपालीकडून कोशिंबीर घेतली, पुढे पोळी घेतली, खिडकीपाशी बसून जेवल्या. ताट स्वच्छ केलं. रूपालीला जाऊन म्हणाल्या, "कोशिंबीर छान झाली होती हो." आणि पिशवी उचलून निघाल्या.

त्या दारापर्यंत पोचतात न पोचतात तोच संदीप डाव तसाच हातात घेऊन माझ्यापाशी आला. आवाज खाली करायची त्याला गरज वाटली नाही. "लिमये, या बाईंना कशाला आणलंत तुम्ही? आपलं म्हणावं असं काय केलंय त्यांनी आपल्यासाठी?"

सगळे माझ्याकडे बघत होते.

"चुकलं माझं," मी म्हणालो.

बाई उंबऱ्यापाशीच होत्या, वाकून चपलेचा पट्टा लावत होत्या. त्यांना ऐकू गेलं असणारच. त्यांनी वर पाहिलं नाही. पट्टा दोनदा सुटला, तिसऱ्यांदा लागला, तशा त्या भिंतीला धरून उभ्या राहिल्या आणि बस स्टॉपच्या दिशेने चालू लागल्या.